ख्रिसमसचे सीन पहिल्यांदाच बघताय? कुठून सुरू करायचं आणि नेमकं काय बघायचं

चार वर्षांपूर्वी २४ डिसेंबरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पांढरी चादर बांधून आणि मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर मी पहिल्यांदा ख्रिसमसचा पिक्चर लावला, आणि लावला तो थेट इट्स अ वंडरफुल लाइफ, १९४६ चा, ब्लॅक अँड व्हाइट, दोन तास दहा मिनिटांचा. अर्ध्या तासात मुलं खाली खेळायला पळाली, तासाभरात मोठी माणसं "कुकर लावून येते" म्हणत एकेक करून उठली, आणि लोक पैसे काढायला गर्दी करतात तो सीन आला तेव्हा हॉलमध्ये आम्ही तिघंच उरलो होतो. त्यातल्या एक म्हणजे तळमजल्यावरच्या आजी. त्यांना इंग्लिश फारसं कळत नाही, मी शेजारी बसून हळू आवाजात सांगत होते, आणि पडद्यावर माणसं काउंटरला रेलून आपापले पैसे मागायला लागली तशा त्या एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर पतपेढी बुडतेय!" पुढचा अख्खा पिक्चर त्या जागच्या हलल्या नाहीत.

पिक्चर बरोबर होता, क्रम चुकला होता. तेव्हापासून दरवर्षी आम्ही २४ ला काही ना काही बघतो आणि कुठला सीन कुणाला पोचतो ते मला आता बऱ्यापैकी कळलंय, म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या लहानपणी घरात हे पिक्चर नव्हते, ज्यांना "सगळे सारखेच असतात, बर्फ आणि लाल टोप्या" असं वाटतं, त्यांच्यासाठी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ख्रिसमसचा चांगला सीन ओळखायचा तर झाड आणि दिवे बघू नका, त्या पिक्चरमधलं एकटं माणूस कोण आहे ते शोधा. जवळजवळ प्रत्येकात एक असतंच. ते माणूस दाराबाहेर उभं असतं आणि सीन चालू असतो तो त्याला कुणी आत बोलावतंय का एवढ्यावर. हे एकदा डोक्यात बसलं की तुम्ही भाषा, देश, साल काहीही असलं तरी हरवत नाही.

पायरी १ : आधी २४ तारखेची रात्र समजून घ्या

आपण २५ डिसेंबर म्हणतो, पण पिक्चरमध्ये जे काही घडतं ते बहुतेक २४ च्या संध्याकाळी आणि रात्री घडतं. दुकानं लवकर बंद होतात, रस्ते ओस पडतात, आणि प्रत्येकाला त्या रात्रीच्या आत घरी पोचायचं असतं. गणपतीला चाकरमानी जसा काहीही करून कोकणात पोचतो, रिझर्व्हेशन नसलं तरी दारात उभा राहून जातो, अगदी तसं. हे डोक्यात ठेवलं की विमान चुकलं, बर्फात गाडी अडकली, फोन लागत नाही, यावर ते लोक एवढे का रडतात ते आपोआप कळतं. गणपतीत एखाद्याला सुट्टी मिळाली नाही तर त्याचा चेहरा कसा होतो, आपण बघितलेलाच असतो.

बाकी चार-पाच शब्द माहीत असले की झालं. स्टॉकिंग म्हणजे शेकोटीपाशी टांगलेला मोजा, त्यात सकाळी खाऊ सापडतो. कॅरोल म्हणजे नाताळची गाणी, गटागटाने दारोदार जाऊन म्हणतात. सीक्रेट सँटा म्हणजे चिठ्ठ्या टाकून ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप गिफ्ट द्यायचं, हे आता आपल्या ऑफिसात पण असतंच. येशूच्या जन्माचा देखावा म्हणजे गोठा, तो तर वसईत किंवा गोव्यात डिसेंबरमध्ये एखादी चक्कर मारलीत तर घराघरासमोर दिसेल, मुलं भांडून गवत आणि माती गोळा करत असतात, वर चांदणीचा कंदील टांगलेला असतो. नाताळ हा आपला शब्दच पोर्तुगीज नातालवरून आलाय. सांगायचं एवढंच की हे आपल्यापासून फार लांबचं प्रकरण नाहीये.

पायरी २ : पंचवीस मिनिटांचं बघा, लगेच मोठं बघू नका

सुरुवात अ चार्ली ब्राउन ख्रिसमस पासून. ९ डिसेंबर १९६५ ला अमेरिकेत सीबीएस चॅनेलवर पहिल्यांदा लागलं, जेमतेम २५ मिनिटांचं कार्टून आहे. चार्ल्स शुल्झच्या पीनट्स कॉमिकमधली ती पोरं, टकला वाटणारा चार्ली ब्राउन, ब्लँकेट धरून फिरणारा लायनस, स्नूपी कुत्रा.

बघायच्या आधी दोन गोष्टी माहीत असाव्यात. आवाज बहुतेक खऱ्या लहान मुलांचे आहेत, आणि सॅलीचा आवाज देणारी पोरगी इतकी लहान होती की तिला अजून वाचता येत नव्हतं, म्हणून तिला एकेक वाक्य, कधी कधी अर्धं अर्धं वाक्य सांगून तेवढंच म्हणायला लावून रेकॉर्ड केलं, आणि ते अडखळणं तुम्हाला ऐकू येतं, ते काढून टाकलेलं नाहीये. दुसरं म्हणजे त्या काळी कार्टूनच्या मागे पण हसण्याचा आवाज टाकायची पद्धत होती, तो यात नाही. व्हिन्स ग्वाराल्डीचा जॅझ पियानो आणि मधेमधे चक्क शांतता. चॅनेलच्या साहेबांना ते बघून वाटलं होतं की हे फारच संथ आहे, चालणार नाही. लागलं त्या रात्री देशात चालू असलेल्या टीव्हींपैकी जवळपास निम्म्यांवर तेच चालू होतं.

आता सीन. चार्ली ब्राउनला नाटकासाठी झाड आणायला पाठवतात. बाजारात सगळी ॲल्युमिनियमची चकचकीत रंगीत झाडं (त्या काळी खरंच फॅशन होती), आणि त्यातून तो एक काटकुळं, सुया गळणारं खरं झाडाचं रोपटं उचलतो. सगळी पोरं त्याला हसतात. तो ते घेऊन एकटाच बाहेर जातो, त्याच्यावर एक लाल गोळा टांगतो, आणि त्या एका गोळ्याच्या वजनाने झाड जमिनीपर्यंत वाकतं. त्याला वाटतं आपण झाड मारलं. तो निघून जातो. मग मागून पोरं येतात, लायनस आपलं ब्लँकेट, जे तो कधी कुणाला हात लावू देत नाही, ते त्या झाडाच्या बुंध्याला गुंडाळतो. तेवढंच. मी हे आठ-दहा वेळा बघितलंय आणि ब्लँकेट गुंडाळतो तिथे माझा गळा दाटतो.

आणि त्याच्या आधी लायनस स्टेजवर उभा राहून बायबलमधला जन्माचा उतारा म्हणतो तेव्हा त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा. "भिऊ नका" या अर्थाचे शब्द येतात त्याच क्षणी ते ब्लँकेट त्याच्या हातातून खाली पडतं. पहिल्यांदा बघताना कुणालाच दिसत नाही, दुसऱ्यांदा नक्की बघा.

हे झालं की त्याच संध्याकाळी अजून दोन बसतात. १९६६ चं हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस (ग्रिंच म्हणजे नाताळचा तिटकारा असलेला एक हिरवा खडूस प्राणी), चक जोन्सने केलेलं, आवाज बोरिस कार्लोफचा (याच नटाने १९३१ मध्ये फ्रँकेनस्टाइनचा राक्षस केला होता). आणि १९८२ चं ब्रिटिश द स्नोमॅन, ज्यात गाणं सोडलं तर गोष्टीत एकही शब्द नाही, त्यामुळे भाषेची अडचण असलेल्या आजी-आजोबांसाठी आणि अगदी छोट्यांसाठी हेच लावा. फक्त शेवट दुःखी आहे, सकाळी बर्फाचा माणूस वितळलेला असतो, मुलाच्या खिशात रात्रीचा मफलर तेवढा सापडतो. पोरं रडतील. रडू द्या, लगेच दुसरं काही लावू नका.

ग्रिंचमध्ये सगळ्यांना त्याचं हृदय तीन साइज मोठं झालेलं लक्षात राहतं, मला त्याच्या पुढचं आवडतं. ज्याने गावातलं सगळं चोरलं त्यालाच ते लोक जेवणाच्या टेबलाशी बसवतात आणि रोस्ट कापायची सुरी त्याच्याच हातात देतात. घरातल्या कर्त्या माणसाचं काम ते चोराला देतात.

पायरी ३ : होम अलोन परत बघा, पण चर्चसाठी

हा तुम्ही बघितलेला असणारच, १९९० चा, इस्त्री आणि पेंटचे डबे आणि पायऱ्यांवरून घसरणारे चोर. ते सगळं आहेच, मुलं लोळून हसतात. मी सांगतेय ते शेवटच्या अर्ध्या तासाच्या आधीचं, चोर यायच्या आधी, घरचे ज्याला विसरून गेलेत तो केविन एकटाच चर्चमध्ये जाऊन बसतो तो सीन. तिथे शेजारचा म्हातारा मार्ली येतो, ज्याला तो अख्खा पिक्चरभर खुनी समजून घाबरत असतो. समोर मुलं गात असतात, त्यातली एक मार्लीची नात. मुलाशी भांडण झालंय, बोलणं बंद आहे, त्यामुळे नातीला भेटता येत नाही, तर निदान गाताना तरी बघावं म्हणून तो आलेला असतो. आठ वर्षांचा पोरगा त्याला विचारतो की मग तुम्ही फोन का करत नाही. म्हातारा सांगतो की मुलगा बोललाच नाही तर, याची भीती वाटते. मग केविन त्याला आपल्या घरातल्या तळघराची गोष्ट सांगतो, अंधारात भीती वाटायची आणि दिवा लावला तर काहीच नव्हतं.

मार्ली हे पात्र दिग्दर्शक ख्रिस कोलंबसने स्क्रिप्टमध्ये नंतर घातलं. ते नसतं तर हा पिक्चर फक्त मारामारीचा राहिला असता असं माझं ठाम मत आहे. शेवटी केविनची आई पोचते, मिठी होते, आणि मग तो खिडकीतून बाहेर बघतो, तर बर्फात मार्ली नातीला उचलून घेतोय. काचेतून, लांबून, एक शब्द ऐकू न येता. आमच्या हॉलमध्ये गेल्या वर्षी इथे इतकी शांतता होती की पंख्याचा आवाज येत होता, आणि माझ्या माहितीतल्या एका घरात त्या रात्री खरंच दोन वर्षांनी एक फोन लागला. ते कुणाचं घर ते सांगत नाही.

पार्ट टू (१९९२, न्यूयॉर्कवाला) पण चांगला आहे, पण आधी पहिला.

पायरी ४ : स्क्रूज कोण ते माहीत करून घ्या

चार्ल्स डिकन्सची अ ख्रिसमस कॅरोल १८४३ ची. कंजूस म्हातारा स्क्रूज, एका रात्रीत त्याला भुतं त्याचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवतात आणि सकाळी तो बदललेला उठतो. ही गोष्ट माहीत नसेल तर निम्मे ख्रिसमस एपिसोड डोक्यावरून जातात कारण प्रत्येक सिरियलने कधी ना कधी तीच वापरलेली असते. पिक्चर ढिगाने आहेत. नवीन माणसाने १९९२ चा द मपेट ख्रिसमस कॅरोल बघावा. बाहुल्या आहेत म्हणून नाक मुरडू नका. स्क्रूज झालेला मायकेल केन त्या कापडी बेडकांसमोर इतका मनापासून काम करतो की पाच मिनिटांत बाहुल्या दिसायच्या बंद होतात. स्क्रूजच्या कारकुनाच्या घरात चुलीशेजारी रिकामी जागा आणि भिंतीला टेकवलेली त्याच्या लहान मुलाची कुबडी, एवढाच शॉट, तो चुकवू नका. ज्यांना गंभीर हवंय त्यांनी १९५१ चा ॲलिस्टर सिमचा स्क्रूज बघा.

पायरी ५ : आता ब्लॅक अँड व्हाइट

आता तुम्ही तयार आहात. तीन पिक्चर, याच क्रमाने.

मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट, १९४७. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात सँटा म्हणून बसवलेला म्हातारा म्हणतो की मी खरंच सँटा आहे, आणि प्रकरण कोर्टात जातं. एडमंड ग्वेनला या कामासाठी सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. तो सीन असा की एक बाई छोट्या मुलीला घेऊन येते, मुलगी रॉटरडॅमच्या अनाथाश्रमातून नुकतीच आलेली, इंग्लिश येत नाही, बाई ओशाळून सांगते की मी तिला म्हटलं होतं तुम्ही तिच्याशी बोलू शकणार नाही, पण ती ऐकेना. आणि म्हातारा तिच्याशी डचमध्ये बोलायला लागतो. त्या मुलीचा चेहरा बघा. युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती आणि रॉटरडॅम बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं शहर होतं, हे तेव्हाच्या प्रत्येक प्रेक्षकाला न सांगता माहीत होतं. ते काय बोलतात याची सबटायटल तिथे नसतात आणि ती शोधत बसू नका, न कळता बघायचा सीन आहे तो. आपल्यातलं जे कुणी परराज्यात किंवा परदेशात राहिलंय आणि अचानक बसमध्ये मागून मराठी ऐकलंय, त्यांना हा सीन समजावून सांगायची गरजच नाही. १९९४ मध्ये हा परत बनवला तेव्हा त्या जागी कर्णबधिर मुलगी आहे आणि सँटा तिच्याशी खुणांच्या भाषेत बोलतो, तेही सुंदर आहे.

दुसरा माझा सगळ्यात लाडका, आणि याच्याबद्दल लोक फार कमी बोलतात. द शॉप अराउंड द कॉर्नर, १९४०, दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच. बुडापेस्टमधलं चामड्याच्या वस्तूंचं छोटं दुकान, तिथे काम करणारे पाच-सात जण. त्यातला एक सेल्समन आणि एक सेल्सगर्ल दुकानात सतत भांडतात आणि त्यांना माहीतच नसतं की ते एकमेकांना निनावी प्रेमपत्रं लिहितायत. (१९९८ चा यू हॅव गॉट मेल यावरूनच.) लव्हस्टोरी गोड आहेच, पण मी तुम्हाला दुकानाच्या मालकाकडे बघायला सांगतेय, मिस्टर माटुशेक. बायकोने फसवलंय, त्यातून तो स्वतःचा जीव द्यायला जातो, हॉस्पिटलमधून कसाबसा परत येतो. २४ डिसेंबरची संध्याकाळ, दुकानात वर्षानुवर्षांत झाला नव्हता एवढा धंदा झालाय, सगळ्यांना बोनस वाटून झालाय, दिवे मालवतायत.

मालक बाहेर बर्फात उभा राहतो. आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला सहज विचारल्यासारखं करून विचारतो, मग आज काय बेत? कुणाची बायको-मुलं वाट बघतायत, कुणाची आई, कुणाला मैत्रीण भेटायचीय. प्रत्येक वेळी तो हसून, छान छान, मजा करा म्हणतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा किंचित उतरतो. तो जेवायला चल असं थेट कुणालाच म्हणत नाही. मालक आहे ना, कसा म्हणणार. सगळ्यात शेवटी नवीन लागलेला पोऱ्या बाहेर येतो, रूडी. नाव काय, घरी कोण, तर बुडापेस्टमध्ये कुणीच नाही. आणि मालकाचा आवाजच बदलतो. तुला चिकनचं सूप आवडतं का रे? आणि भाजलेलं हंस, आत सफरचंदं भरलेलं? काकडीची कोशिंबीर साय घालून? आणि शेवटी ॲपल स्ट्रुडेल, डबल? पोरगा प्रत्येकाला हो साहेब, हो साहेब करतोय आणि त्याचे डोळे मोठे होत चाललेत. दोघं टॅक्सी करून जातात.

दोन मिनिटांचा सीन असेल. मागे मोठं संगीत नाही, कुणी रडत नाही, फक्त पदार्थांची यादी. "जेवून जा" हे आपल्याकडे किती पद्धतींनी म्हणतात, आणि ज्याला म्हणायचंय त्याची किती पंचाईत होते, ते सगळं त्यात आहे. दिवाळीत मेस बंद असते तेव्हा होस्टेलवर राहिलेल्या मुलांनी हा सीन बघावा, आणि त्यांच्या घरमालकांनी तर नक्की बघावा.

आणि मग तिसरा, आमच्या आजींचा पतपेढीवाला. इट्स अ वंडरफुल लाइफ, दिग्दर्शक फ्रँक काप्रा, नट जेम्स स्टुअर्ट (शॉपमधला हिरो पण तोच). सुरू करायच्या आधी बरोबरच्यांना एवढं सांगा की पहिला दीड तास ही जॉर्ज बेली नावाच्या माणसाच्या आयुष्याची गोष्ट आहे, त्यात नाताळ फारसा येत नाही, धीर धरा. हे मी त्या वर्षी सांगितलं नव्हतं. आणि हेही सांगा की हिरो एका क्षणी पुलावर जीव द्यायला उभा असतो, घरात कुणी तशा अवस्थेतून गेलं असेल तर आधी विचार करा, शेजारी बसा.

बिल्डिंग अँड लोन म्हणजे खरंच आपली पतपेढी. गावातले लोक थोडे थोडे पैसे ठेवतात आणि त्यातून दुसऱ्याला घर बांधायला कर्ज मिळतं. अफवा पसरते, लोक पैसे काढायला येतात, आणि जॉर्ज त्यांना समजावतो की तुमचे पैसे तिजोरीत नाहीत, ते याच्या घरात आहेत, त्याच्या घरात आहेत. आजींच्या तोंडून निघालं होतं ते इथेच. तो स्वतःच्या हनिमूनसाठी ठेवलेले दोन हजार डॉलर काउंटरवर काढतो आणि लोकांना लागतील तेवढे वाटतो, आणि दिवस संपताना दोन डॉलर उरतात. त्या दोन नोटांची ते मिरवणूक काढतात. पतपेढीत पैसे अडकलेली माणसं आपल्यातल्या प्रत्येक गल्लीत आहेत, म्हणून मला वाटतं हा पिक्चर आपल्याला कुणापेक्षाही जास्त कळतो.

शेवटचा सीन सांगत नाही, फक्त कुठे बघायचं ते सांगते. अख्खं गाव घरात शिरतं, टेबलावर नोटांचा ढीग पडतो, तेव्हा वॉरंट घेऊन आलेला माणूस आणि हिशेब तपासायला आलेला साहेब काय करतात ते बघा. आणि ज्याने पतपेढीचे आठ हजार डॉलर ढापले त्या गावच्या श्रीमंत पॉटरला पकडलं जात नाही, शिक्षा होत नाही, पैसे त्याच्याकडेच राहतात. मला हे फार खरं वाटतं.

दोन गोष्टी शूटिंगच्या. तो सगळा बर्फ १९४६ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात तयार केलाय. तेव्हापर्यंत बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकायचे, त्यावर पाय पडला की कुरकुर आवाज यायचा आणि डायलॉग नंतर डब करावे लागायचे. इथे आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून नवीन बर्फ केला, त्याला तांत्रिक ऑस्कर मिळालं. आणि हा पिक्चर तेव्हा थिएटरमध्ये फारसा चालला नव्हता. १९७४ मध्ये कॉपीराइट रिन्यू करायचं राहून गेलं, मग टीव्ही चॅनेलवाले फुकटात मिळतोय म्हणून दर डिसेंबरला लावायला लागले, आणि तसा तो घराघरात गेला.

पायरी ६ : सिरियलमधले

इथे एक नियम, ख्रिसमस एपिसोड सुटा बघू नका, माणसं आधी ओळखीची व्हायला लागतात. ब्रिटिश द ऑफिसचे दोन सीझन म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाचे १२ एपिसोड, ते बघा आणि मगच २००३ चा दोन भागांचा ख्रिसमस स्पेशल. ऑफिसातली रिसेप्शनिस्ट डॉन, तिला चित्रकार व्हायचं असतं, सगळ्यांनी, तिच्या होणाऱ्या नवऱ्यानेसुद्धा, ते मोडीत काढलेलं असतं. पार्टीतून निघून ती टॅक्सीत बसते आणि सीक्रेट सँटाचं गिफ्ट उघडते. आत रंगांची पेटी, तिनेच पूर्वी काढलेलं टिमचं, म्हणजे तिच्यावर जीव असलेल्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं चित्र, आणि त्याच्यावर टिमने लिहिलेले मोजके शब्द. बारा एपिसोड टिम तिच्याशी जे बोलू शकला नाही ते त्या पेटीत आहे. अमेरिकन ऑफिसमध्ये २००५ च्या एपिसोडमध्ये जिमची चहाची किटली आहे, तीही तितकीच गोड, पण मला विचाराल तर टॅक्सी.

मिस्टर बीनचा १९९२ चा नाताळचा एपिसोड मात्र कुणीही कधीही बघू शकतं. डोक्यात टर्की अडकते ते सगळ्यांना माहितीये. पण तो स्वतःच स्वतःला ग्रीटिंग कार्डं लिहितो, स्वतःच्याच दारातून टाकतो, आणि मग आश्चर्य वाटल्यासारखं करून उचलतो, ते जरा थांबून बघा. मग टेडीसाठी आणि उंदरासाठी पण मोजा टांगतो. लहानपणी मी नुसती हसले होते.

पायरी ७ : मुलं झोपल्यावर

लव्ह ॲक्चुअली (२००३) मुलांसोबत लावू नका, उघडेवागडे सीन आहेत. निम्म्या गोष्टी मला स्वतःला पटत नाहीत, पण एमा थॉम्पसन या नटीसाठी बघाच. नवऱ्याच्या खिशात तिने सोन्याचा हार बघितलेला असतो, आणि तिला मिळालेल्या गिफ्टमधून निघते गाण्याची सीडी. ती आइस्क्रीमचं काहीतरी निमित्त काढून बेडरूममध्ये जाते, जोनी मिचेलचं गाणं लावते, उभ्या उभ्या रडते, डोळे पुसते, आणि जाताना वाकून पलंगावरची चादर नीट करते. मग हसत बाहेर येऊन पोरांना कार्यक्रमाला नेते. इथे एकटं माणूस घराच्या आतच आहे, भरल्या घरात. ती चादर सारखी करणं बघून आमच्या भिशीतल्या सगळ्या बायका गप्प झाल्या होत्या.

डाय हार्ड (१९८८) ख्रिसमसचा पिक्चर आहे की नाही यावर लोक भांडतात. बायको-मुलांसोबत नाताळ करायला आलेला नवरा आहे, माझ्या मते आहे, बघून टाका. आणि आपल्या मुंबईतला हवा असेल तर श्रीराम राघवनचा मेरी ख्रिसमस, २०२४ चा. कतरिना कैफ आणि विजय सेतुपती, ती पूर्वीची बॉम्बे असतानाची मुंबई, एकाच रात्रीची गोष्ट. बरोबर लहान मुलगी आणि तिचा टेडी. खून आहे यात, त्यामुळे गोष्ट अजिबात सांगत नाही, फक्त दोन अनोळखी एकटी माणसं एका रात्री भेटतात एवढंच. हिंदी आणि तमिळ दोन्हीत बनलाय.

पायरी ८ : बसायच्या आधी

शोधताना नावासोबत साल टाकाच. ग्रिंच तीन आहेत (१९६६, २०००, २०१८), ख्रिसमस कॅरोल तर मोजायलाच नकोत, मिरॅकल पण एकाहून जास्त. जुन्यांच्या रंगीत केलेल्या कॉपी मिळतात, त्या घेऊ नका, चेहरे मेण लावल्यासारखे दिसतात. इंग्लिश सबटायटल चालू ठेवा, १९४० च्या काळात फार भरभर बोलायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी एकाने बसून हळूच सांगायचं, हे काम वाटून घ्या, एकावर टाकू नका.

एका संध्याकाळचा क्रम आमच्याकडे आता असा बसलाय. साडेसहाला चार्ली ब्राउन, लगेच स्नोमॅन. साडेसातला खाणं, वडापाव आणि वसईच्या ओळखीच्यांकडून आलेला केक. सव्वाआठला होम अलोन, तो दहाच्या आत संपतो, मुलं घरी. आणि मग ज्यांना थांबायचंय त्यांच्यासाठी एक ब्लॅक अँड व्हाइट, थंडी असते म्हणून शाली आणायला सांगायचं आणि चहाचा थर्मास आधीच भरून ठेवायचा म्हणजे मधे कुणाला उठावं लागत नाही.

यंदा शेवटचा कुठला लावायचा ते अजून ठरलेलं नाही, मला शॉप लावायचाय. पण तळमजल्यावरून निरोप आलाय की पतपेढीवाला असेल तर पुढची खुर्ची धरून ठेव, आणि यंदा सुनेला पण घेऊन येणार आहे, तिला पहिल्यापासून सांगावं लागेल.